समुद्रच चालत आला

वृंदा लग्नाआधी साताऱ्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जमीन मोजणीचं काम करायची. बांधावर उभे राहून दोन्ही शेजारी शपथेवर खोटं बोलतात, हे तिनं इतक्यांदा पाहिलं होतं की पुढे कुणाचंच बोलणं तिला सरळ वाटेना. नवरा नीळकंठ नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करायचा. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या वृंदाला चार वर्षांत मोजायला काही मिळालं नव्हतं.

२०१३च्या मे महिन्यात दोघं उत्तरेकडच्या एका छोट्या बेटावर सुट्टीला गेली. बेटाच्या टोकाला जुनं चर्च होतं, त्याला लागून दफनभूमी, आणि कुंपणापलीकडे लगेच समुद्र. देखभाल करणारा येल्ले नावाचा म्हातारा पर्यटकांना सांगत होता, "पूर्वी मृतदेह होडीनं आणत. लांब वाहून न्यायला नको, म्हणून बेटांवर चर्च पाण्याकाठी बांधत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वृंदा नीळकंठला म्हणाली, "सरकत्या वाळूवर विटांचं चर्च कोण बांधेल रे? हा काहीतरी लपवतोय."

"तू सुट्टीवर आहेस," नीळकंठ म्हणाला.

पण तिनं पाहिलं होतं. गावाकडच्या शेवटच्या रांगेत एका कबरीवर १७८१चा दगड होता आणि त्याभोवतीची माती ताजी होती. असे पाच दगड. म्हातारा हे विकत तर नसेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच गेली. येल्ले ढकलगाडीतून एक दगड नेत होता.

"कुठे नेताय?"

"धुवायला."

"नळ तर त्या बाजूला आहे. मी नगरपालिकेला कळवते."

येल्लेनं गाडी खाली टेकवली. तो तिला कुंपणापलीकडे, समुद्रानं कापलेल्या वाळूच्या कड्यापाशी घेऊन गेला. वाळूतून विटांची भिंत बाहेर डोकावत होती. "हे आमच्या शाळेचं जोतं. चर्च गावाच्या मधोमध होतं. कुणी समुद्राकाठी बांधलं नाही. समुद्रच इथवर चालत आला."

"मग लोकांना होडीची गोष्ट का सांगता?"

"खरं कळलं तर ही जागा बंद करतील. माझी बायको मार्त्ये समुद्राकडून दुसऱ्या रांगेत आहे."

"तुम्ही दगड मागे नेता. खालच्या माणसांचं काय?"

येल्लेनं खिशातून एक वही काढून तिच्यापुढे धरली.

वृंदानं कुंपणापासून कड्यापर्यंतचं अंतर मोजलं. येल्लेच्या वहीत कडा दरवर्षी किती मागे सरकला याच्या दहा वर्षांच्या नोंदी होत्या, त्यांवरून हिशेब मांडून ती म्हणाली, "नऊ वर्षं. त्याहून जास्त ही जागा टिकणार नाही."

"तुमच्यावर का विश्वास ठेवू?" म्हणत त्यानं घरून दोरी आणली आणि स्वतः पुन्हा मोजलं. उत्तर तेच आलं. तो बराच वेळ दोरी गुंडाळत राहिला.

नगरपालिकेला पत्र शेवटी त्यानंच लिहिलं, वृंदाची मोजणी जोडून. तीन वर्षांनी सगळ्या कबरी गावातल्या नव्या दफनभूमीत हलवल्या. येल्लेनं बोलावलं म्हणून वृंदा गेली. कामगार मार्त्येची पेटी नव्या खड्ड्यात उतरवू लागले, तेव्हा वृंदानं त्यांना अडवलं, "थांबा, आधी पेटीचा यादीतला नंबर दाखवा."

कामगार वैतागला. येल्लेनं मात्र खिशातून चष्मा काढून तिच्या हातात दिला. "माझ्यासाठीही एकदा नीट बघा," तो म्हणाला.

नंबर बरोबर होता.