फेर्नांचं मत

माणूस कामावरून ओळखावा, असं मी मानतो. जसिंताला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती फेर्नां देस्मेच्या अंथरुणावरची चादर बदलत होती आणि फेर्नां त्याच अंथरुणावर झोपलेला होता. तिने त्याला उचललं नाही, ओढलं नाही. एका कुशीवर वळवलं, जुनी चादर पाठीशी गुंडाळत नेली, नवी अंथरली, दुसऱ्या कुशीवर वळवलं. झालं. मी फ्रान्सच्या रूबे शहरात आयुष्यभर लोकांचं घरसामान जिन्यांवरून वाहिलं. धापा न टाकता केलेलं काम म्हणजे काय ते मला कळतं.

फेर्नां माझ्या वरच्या मजल्यावर, तिसऱ्यावर. लोकरीच्या गिरणीत चात्यांवर काम केलेला माणूस. बायको गेली, गुडघे गेले, मग हातांना कंप सुटला. जसिंता सकाळ-संध्याकाळ यायची. केप व्हर्दच्या बेटावरून ती एकोणिसाव्या वर्षी आली, आधी कचेऱ्या झाडल्या, मग म्हाताऱ्यांची सेवा धरली. पुढे रीतसर फ्रेंच झाली. तिची धाकटी बहीण ऑर्लांदा मात्र पाहुणी म्हणून आली आणि राहिली. तिच्याकडे कागद नव्हते. पहाटे ती जसिंताच्याच जुन्या कचेऱ्या झाडायची. मला हे माहीत होतं, कारण त्यांचं कपाट मी चढवलं होतं आणि खोलीत पलंग दोन होते. फेर्नांला माहीत नव्हतं.

त्या वर्षी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत शेवटी दोघं उरले. मोर्तें आणि ओब्रे बाई. मोर्तें म्हणाला होता, वर्षभरात बिनकागदाचा एकही माणूस या देशात दिसणार नाही. टाळ्या अशा पडल्या की टीव्हीचा आवाज कमी करावा लागला.

"माझं मत मोर्तेंला," फेर्नां म्हणाला. जसिंता तेव्हा त्याची दाढी करत होती.

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? ती ओब्रे म्हणते, बिनकागदवाल्यांना समजून घ्या. मी रात्रभर फरशीवर पडून समजूनच घेत होतो."

त्याचं खोटं नव्हतं. हिवाळ्यात दोन तरुण नळ तपासायला आलो म्हणून घरात शिरले. त्याला ढकललं, मेलेल्या बायकोची अंगठी नेली. जसिंता सकाळी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात पडलेला होता, अंग बर्फासारखं. तेव्हापासून तो खाली उतरलाच नाही. दाराची घंटा वाजली की त्याची मान आखडायची.

"आणि मोर्तेंने हिला हाकललं तर तुझं ढुंगण कोण धुणार? तो येणार आहे का?"

"हिला कोण हाकलतंय? ही आपलीच आहे. पासपोर्ट आहे हिच्याकडे. हो की नाही गं?"

"गाल फुगवा, मस्यू फेर्नां," जसिंता म्हणाली. तिचा वस्तरा थांबला नाही.

मग त्याने पोलिसांना घरी बोलावून सही करून दिली. आपल्याला उतरता येत नाही, आपलं मत जसिंताने टाकावं. मला विचारलं नाही. म्हणाला, तू ओब्रेवाला दिसतोस, तुझा भरवसा नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी जसिंता माझ्याकडे आली. कोट न काढता बसली.

"उद्या माझ्या हातात मतांची दोन पाकिटं असतील, मोरीस. एक माझं, एक त्यांचं."

"मग दोन्हीत ओब्रे घाल. पडद्याआड कोण बघतंय?"

"कोणी नाही. त्याचीच तर भीती वाटते."

मी कॉफी ओतली. तिने कपाला हात लावला नाही.

"त्यांच्या गोळ्या मीच देते. घराची किल्ली माझ्याकडे. अंघोळ घालताना ते डोळे मिटून घेतात, इतका विश्वास. उद्या एकदा हात खोटा केला, तर परवा त्याच हाताने गोळ्या कशा देऊ?"

"मग मोर्तेंला घाल."

"आणि घरी जाऊन ऑर्लांदासमोर जेवायला बसू?"

ती बराच वेळ माझ्या दाराकडे बघत होती. उचलायच्या ओझ्याकडे माणूस बघतो तशी. मग म्हणाली, "चाकाच्या खुर्चीतून उतरवता येईल का त्यांना?"

"तीन मजले? पन्नाशीत असताना हो म्हणालो असतो."

"आता?"

"आता हळू."

ओझी उचलायचा माझा जुना पट्टा मी काढून ठेवला. रविवारी सकाळी फेर्नांने आधी शिव्या दिल्या. मग रडायला लागला. "दिलंय ना तुला मत! मला कशाला बाहेर काढतेस? बाहेर ते असतात!"

"तुमचं मत मी नेणार नाही," जसिंता म्हणाली. "तुम्हाला नेते. स्वतः टाका. सही दिली असली तरी चालतं."

"का पण?"

"माझ्या हातून होणार नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पट्टा आवळत होतो.

जिन्यात खालचा माणूस वजन घेतो, वरच्याने तोल सांभाळायचा. मी खाली राहिलो. खुर्ची मागे कलती ठेवली, एक पायरी, मग थांबायचं, दोघांचे पाय टेकले की पुढची. जसिंताला एकदाच सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही. दुसऱ्या मजल्यावर खालून दोन पोरगे वर येऊ लागले. डोक्यावर टोप्या ओढलेल्या. फेर्नांने जसिंताचं मनगट धरलं. त्याची नखं तिच्या कातडीत रुतलेली मला दिसली. खुर्ची हलली. माझा गुडघा तिथेच गेला असता.

"सोडा, मस्यू फेर्नां. पडू आपण."

"तेच आहेत!"

"ते नाहीत. ते चौथ्या मजल्यावरचे आहेत."

पोरं भिंतीला चिकटून उभी राहिली. "आजोबा, हात देऊ का?" एकाने विचारलं.

"नको," मी म्हणालो. अर्ध्या जिन्यात हात बदलले की कपाटं पडतात. पोराला वाटलं मीही घाबरलो. वाटू दे.

मतदान शाळेत होतं. टेबलावर दोन गठ्ठे होते, मोर्तेंच्या चिठ्ठ्यांचा आणि ओब्रेच्या. दोन्हींतली एकेक घ्यायची, म्हणजे कोणाला कळत नाही. जसिंताने त्या घेऊन त्याच्या मांडीवर ठेवल्या, पाकीट ठेवलं आणि त्याला खुर्चीसकट पडद्याआड सरकवलं. मी पडद्याला पाठ करून उभा राहिलो. गुडघ्यातून कळा येत होत्या.

आत कागद सळसळत होता. पडला. पुन्हा सळसळला. मग हाक आली.

"जसिंता! माझ्याच्याने जात नाही गं हे पाकिटात."

केंद्रावरच्या प्रमुख बाईंनी मान डोलावली. "ज्याला जमत नाही त्याने आपल्या मर्जीचा मदतनीस घ्यावा. जा तुम्ही."

जसिंताने माझ्याकडे पाहिलं. तीन मजले ओझं उतरवतानाही तिचा चेहरा इतका ओढलेला नव्हता. ती आत गेली.

"कोणती घालू?" तिचा आवाज.

"तुला माहीत आहे कोणती."

"तुम्ही सांगा."

"मोर्तें. सांगतोय ना. मोर्तें."

तिने कोणती घातली असती ते म्हाताऱ्याच्या अधू डोळ्यांना नीट दिसलंही नसतं.

"बघा," ती म्हणाली. "जवळून बघा. नाव वाचा."

"मोर्तें," त्याने वाचलं.

कागद दुमडल्याचा आवाज आला.

"तुझे हात का कापतायत? कापायचं काम माझं आहे."

"बाहेर थंडी होती."

फेर्नांने पाकीट स्वतः पेटीत सोडलं. बाई मोठ्याने म्हणाल्या, "मतदान झालं!" आणि तो लहान पोरासारखा हसला. मग जसिंताने स्वतःचं मत टाकलं. तेही एकच मत होतं.

चढवणं उतरवण्याहून वाईट. वर पोचल्यावर माझा गुडघा वळेना, म्हणून मी फेर्नांकडेच बसून राहिलो. जसिंता संध्याकाळी पुन्हा आली. आठ वाजता टीव्हीवर जिंकलेला चेहरा आला. मोर्तेंचा.

"बघितलंस? आपण गेलो म्हणून!" फेर्नांने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "आता कोणी घरात शिरणार नाही. तुझ्याही." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "अगं, काय झालं?"

"माझी बहीण माझ्याजवळ राहते, मस्यू फेर्नां. तिच्याकडे कागद नाहीत."

खाली रस्त्यावर गाड्यांचे भोंगे सुरू झाले होते. अजून उजेड होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ओब्रे बाईंना मत दिलं असतं?"

फेर्नां विचारात पडला. खोटं बोलणं सोपं होतं, मी त्याच्या जागी असतो तर बोललो असतो.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "मला फार भीती वाटते."

"मलाही," ती म्हणाली. "हात वर करा, सदरा काढू."

काम संपवून निघताना तिने मला विचारलं, ट्रामपर्यंत येता का? इतक्या वर्षांत तिने असं कधी विचारलं नव्हतं. मी लंगडत गेलो. झेंडे लावलेल्या गाड्या भोंगे वाजवत जात होत्या आणि प्रत्येक भोंग्याला ती थबकत होती. चालता चालता तिने ऑर्लांदाला फोन लावला.

"उद्या कामाला जाऊ नकोस."

पलीकडचं मला ऐकू आलं नाही.

"कायद्याला वेळ लागतो, मला माहीत आहे. पण पहाटे रस्त्यावर कायदा नसतो, माणसं असतात. दार लावून घे. मी आल्याशिवाय उघडू नकोस. हाक मारेन, घंटा वाजवणार नाही."

मी तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये आलो आणि तिच्या पावलांशी पाऊल जुळवायचा प्रयत्न करत राहिलो.