मधोमध ठेवलेली कोंबडी

माझे बाबा म्हणजे जन्माचे खवय्ये. कुठल्या गाडीवरची चटणी आज बिघडलीय, हे त्यांना घाटकोपरच्या गल्लीत लांबूनच वासावर कळायचं. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, बोलणं जड झालं, आणि बाबांनी चारचौघांत जेवणंच सोडलं. घरीसुद्धा खोलीचं दार लावून घ्यायचे आणि आत आई भरवायची. बारशाला न्या, लग्नाला न्या, 'भूक नाही' हे ठरलेलं. अंगावरचे शर्ट लोंबायला लागले. डॉक्टरांनी बजावलं की माणूस असा कोंडून बसला तर सुधारणार नाही. मला तर त्यांचा राग यायचा. हात गेला म्हणजे काय अब्रू गेली? पण त्यांना तसंच वाटत होतं, आणि ते बघवत नव्हतं.

पवईच्या ऑफिसातली माझी मैत्रीण म्हणाली, अंधेरीत एका बिल्डिंगखाली मोरोक्कन हॉटेल आहे, नवरा-बायकोच चालवतात, एकदम झकास. मी ते निवडलं एवढ्याचसाठी की तिथे आमच्या ओळखीचं काळं कुत्रंही भेटणार नव्हतं.

"मोरोक्को कुठे आलं गं?" आईने रिक्षात विचारलं.

"आफ्रिकेत."

"म्हणजे आपल्यासारखं तिखट नसणार. वाट लागली."

नुसतं बसायला येतो, एवढ्याच बोलीवर बाबा आले होते.

आत मोजकीच टेबलं. मालक निघाले दाभोळकडचे, जन्म जहाजावर स्वयंपाक करण्यात गेलेला. बायको तिकडची, मोरोक्कोची. आईने बसायच्या आधीच त्यांचं गाव, वाडी, सगळं विचारून घेतलं. तेवढ्यात त्या बाई पितळेची किटली आणि घंगाळ घेऊन आल्या. पाहुण्यांचे हात यजमानाने धुवायचे, ही त्यांची रीत. पहिला मान वयाने मोठ्या माणसाचा.

बाबांनी डावा हात पुढे केला. बाईंनी कोमट पाणी घातलं, टॉवेलने पुसला, आणि किटली तशीच धरून उभ्या राहिल्या. त्या दुसऱ्या हाताची वाट बघत होत्या. मी सांगायला तोंड उघडणार, तोच बाबांनी डाव्या हाताने उजवा उचलला आणि घंगाळावर ठेवला. बाई जराही चपापल्या नाहीत. त्यांनी वाकून ती आखडलेली बोटं एकेक करून उलगडली आणि सावकाश धुतली.

मग ताजीन आलं. मातीचं पसरट भांडं, वर निमुळतं उंच झाकण. झाकण उचललं आणि वाफेबरोबर असा वास आला की मी भांड्यावर वाकलेच. कडेने भाज्या, ऑलिव्ह, मधोमध अख्खी कोंबडी, आणि रश्शात लिंबाच्या पिवळ्याधमक फोडी.

"अगं, हे तर खारातलं लिंबू," आई म्हणाली. "कोंबडीत घालतात?" आफ्रिकेच्या टोकाला कोणीतरी आपल्यासारखंच बरणीत लिंबं खारवत बसलंय, याचं तिला इतकं नवल वाटलं की तिखटाचं विसरलीच.

पण भांडं एकच. ताटं नाहीत, नुसते जाड गोल पावाचे चतकोर. उष्ट्या पेल्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतून देणारी माझी आई, ती मागे सरकली. मीही घाईने म्हटलं, "बाबांना वेगळी प्लेट द्या, आणि चमचा."

"आणतो की," मालक म्हणाले. "पण रीत सांगून ठेवतो. आपल्या समोरचं आपलं, दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही. मधली कोंबडी मात्र कुणी स्वतः घ्यायची नाही. ती घरचं माणूस तोडतं आणि प्रत्येकापुढे ठेवतं. इथे सगळ्यांना दुसऱ्याच्याच हातचं खावं लागतं."

ते प्लेट आणायला गेले. बाबा त्या भांड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताने पाव घेतला, आपल्या बाजूच्या रश्शात बुडवला आणि खाल्ला. पुन्हा बुडवला. थोडा रस्सा हनुवटीवर ओघळला, तो त्यांनी ओघळू दिला. मी आईकडे बघितलंच नाही, बघितलं असतं तर रडले असते.

मालक रिकामी प्लेट घेऊन आले आणि तशीच परत घेऊन गेले. बाई कोंबडी तोडायला वाकल्या. बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

त्यांनी स्वतः तंगडीला हात घातला. ती निसटली. टेबलक्लॉथवर रस्सा सांडला. मी उठायला लागले तर आईने टेबलाखालून माझ्या मांडीला सणसणीत चिमटा काढला. बाबा ओढत राहिले. कपाळावर घाम आला, पण शेवटी मांस हाडापासून सुटलं. तो तुकडा त्यांनी आईच्या बाजूला नेऊन ठेवला.

"घे," ते म्हणाले. शब्द जड होता, पण कळला.

बाबांच्या बोटांचा रस्सा लागलेला तो तुकडा आईने उचलला आणि सावकाश चावून खाल्ला. मग भांड्यातल्या आपल्या समोरच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं.

"अहो," ती म्हणाली, "अजून वाढा."