ड्राइव्हचा डोळा

आमच्या घरात डीव्हीडी 'बर्न' करत नसत, उतरवत असत. हा नियम आईचा. बर्न म्हणजे काय, असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं आणि मी शिक्षकी सवयीनं शब्दाचा अर्थ सांगून मोकळा झालो: जाळणे. ती म्हणाली, "दादाची बाग जळाली तेवढं पुरं झालं. तू आपलं उतरव." आमच्याकडं झाड पाण्यावाचून वाळलं तरी जळालं असंच म्हणतात, त्यामुळं मीही उतरवणंच म्हणू लागलो.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मामा. जालना रस्त्याच्या बाजूच्या एका गावात त्याची मोसंबीची बाग होती, आजोबांनी लावलेली. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. मामानं टँकर विकत घेऊन झाडं जगवायची धडपड केली. मग टँकर भरायच्या विहिरीही आटल्या आणि उन्हाळ्यात त्यानं वाळलेली झाडं तोडून टाकली. आईला हे फोनवर कळलं. बापानं लावलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवायला तुझा हात धजला कसा, असं ती त्याला म्हणाली. मामानं फोन ठेवला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. 'माझं चुकलं' हे शब्द आईच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. हा गुण माझ्यातही पुरेपूर आला आहे.

दसरा झाला आणि मामीचा फोन आला. घराला कुलूप लावून दोघं कायमचे पुण्याला मुलाकडं निघाले होते. रविवारी जाता जाता आमच्याकडं जेवायला थांबणार होते. संध्याकाळी आई म्हणाली, बाग मोसंब्यांनी लगडलेली असताना तू शूटिंग केलं होतंस, ते दादाला द्यायचं. रिकाम्या हातानं मी त्याच्यासमोर जाणार नाही. शूटिंग माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. मामाचा डीव्हीडी प्लेअर जुना, त्याला पेन ड्राइव्ह लावायची सोय नव्हती. तासाभराचं काम आहे, असं मी ऐटीत सांगितलं.

पहिली डीव्हीडी निम्म्यातच अडली. ट्रे आपोआप बाहेर आला, जीभ काढून दाखवल्यासारखा. दुसरीचं तेच झालं, तिसरीचंही. मी डीव्हीडीची कंपनी बदलली. लिहिण्याचा वेग कमीत कमी केला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. इंटरनेटवर कुणी लिहिलं होतं की बाकीचं सगळं बंद करून पाहा, म्हणून माऊसलाही हात न लावता बसलो. जुन्या सीडी मात्र सुरळीत वाजत होत्या. म्हणजे ड्राइव्ह वाचत होता, लिहीत नव्हता. अशी मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असतात. त्यांच्याशी धीरानं वागायचं असतं, हे मी पालकसभेत सांगतो. ड्राइव्हला मात्र मी दोन चापट्या मारल्या.

मग मी धुळीला दोषी ठरवलं. मुकुंदवाडीत आमच्या घराभोवती तेव्हा एक प्लॉट रिकामा राहिला नव्हता. मागं नवी इमारत उठत होती, तिला पाणी नव्हतं, म्हणून दिवसभर बोअर मारणं चालू होतं. खडकाची राखाडी भुकटी आमच्या ताटापर्यंत यायची. तीच ड्राइव्हमध्ये गेली असणार असं धरून मी तिथल्या वॉचमनशी भांडायला गेलो. भांडण रंगात आलं असताना गल्लीत टँकर शिरला आणि आम्ही दोघंही आपापला पाइप घेऊन धावलो.

वाया गेलेल्या डीव्हीडी आई दोऱ्यात ओवून गॅलरीत टांगत होती, कबुतरं येऊ नयेत म्हणून. दर थोड्या वेळानं माझ्यामागं येऊन उभी राहायची आणि विचारायची, झालं का? शुक्रवारी मी तिच्यावर खेकसलो. तुझ्या विचारण्यानं होणार आहे का ते, असं म्हणालो. ती आत जाऊन ज्वारी निवडायला बसली. मला फार वाईट वाटलं. पण उठून तिच्याजवळ गेलो नाही.

शनिवारी लॅपटॉप घेऊन शहागंजच्या बाजारात गेलो. तिथं एक म्हातारे मेकॅनिक होते. रेडिओ आणि व्हीसीआर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरपर्यंत आलेले. त्यांनी ट्रे बाहेर ओढला, डोळ्याला भिंग लावलं आणि स्पिरिटमध्ये बुडवलेली कापसाची काडी ट्रेवरच्या इवल्याशा काचेवरून फिरवली. काडी पिवळी झाली, टोकाला लालसर. त्यांनी ती हुंगली.

"हलदी-कुंकू है ये," ते म्हणाले. "अम्मा ने लगाए ना?"

मला खंडेनवमीची सकाळ आठवली. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची. आमच्याकडं हत्यारं म्हणजे विळी, शिलाई मशीन, माझी स्कूटर आणि हल्ली लॅपटॉप. मी ट्रे उघडून पुसत होतो तेव्हा आईनं विचारलं होतं, ही चकाकती टिकली कसली? हा याचा डोळा, सगळं वाचणं-लिहिणं यानंच होतं, असं मी कौतुकानं सांगितलं आणि ट्रे तसाच उघडा टाकून आंघोळीला गेलो. सगळं काम जो करतो त्याला हळदी-कुंकू नको का? आईनं बोट ओलं करून त्यालाच लावलं. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मेकॅनिकनं काच पुन्हा पुसली आणि लॅपटॉप माझ्या हातात देताना म्हणाले, "घर जाके अम्मा कू कुछ नको बोलो मियाँ. उनो दुआच दिए मशीन कू."

काही बोलायचं नाही असं ठरवून घरी आलो आणि चपला काढायच्या आत सगळं बोलून टाकलं, तेही हसत हसत. वाटलं, तीही हसेल. तिचा चेहरा उतरला. "म्हंजी माझ्यामुळंच?" एवढंच म्हणून ती पलंगावर बसून राहिली. मला स्वतःचा संताप आला. मी कोरी डीव्हीडी घातली. या वेळी ती निम्म्याच्या पुढं गेली, शेवटाला पोचली आणि ट्रे शांतपणे बाहेर आला. उतरली, असं मी म्हणालो. आईनं पदराला दोनदा हात पुसले आणि डीव्हीडी कडांना धरून उचलली.

रविवारी मामा-मामी आले. आई वाढत होती, पण मामाशी तिचं बोलणं आणखी घेतोस का यापलीकडं गेलं नाही. मामा खाली बघून जेवला. जेवणं झाल्यावर मी टीव्हीवर डीव्हीडी लावली. बाग दिसली. फांद्यांना ओझं पेलेना म्हणून खाली बांबूचे टेकू दिलेले. मामा पुढं चालतोय, एका झाडाच्या खोडावर थाप मारून मला सांगतोय, हे तुझ्या आईचं, तिच्या लग्नाच्या साली लावलेलं.

मामानं गॅलरीत टांगलेल्या चकत्यांकडं पाहिलं आणि मला म्हणाला, या एका कामापायी तू लई खटाटोप केलेला दिसतोस.

उत्तर आईनं दिलं. टीव्हीवरची नजर न हलवता.

"माझ्यामुळं झालं, दादा. मला काय ठाव नव्हतं आन् नको तिथं बोट घातलं. माझं चुकलं."

मामाला हळदीचं काहीच माहीत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मामा म्हणाला, "तुझं झाड समद्यांच्या शेवटी तोडलं, बाई. लई दिवस ठिवलं होतं."

आईनं मान हलवली. पडद्यावर बाग संपून नुसता निळा रंग आला, म्हणून मी टीव्ही बंद करायला उठलो. दोघं एकदमच म्हणाले, पुन्हा लाव.