एका गाडीपुरती जागा

आमची बिल्डिंग उभी राहिली तेव्हा सगळ्या गल्लीला वाटलं, सुटलो बाबा एकदाचे. नवी पेठेच्या मागे आमची बैठी घरं होती, एकाला एक चिकटलेली, भिंतीला हात लावला की पोपडा हातात यायचा. बिल्डर म्हणाला, ही पाडतो आणि इथंच फ्लॅट देतो. नको कोण म्हणणार? खाली गाड्यांचं पार्किंग आणि वर तीन मजले. चौथा त्याने मुद्दामच चढवला नाही, कारण तेवढी उंची झाली की नियमाने लिफ्ट बसवावी लागते. हे शहाणपण आम्हाला मागाहून आलं. तोवर चिठ्ठीत तिसरा मजला निघून आमची भांडीकुंडी वर गेली होती.

नकाशा दाखवायची बैठक मला अजून लख्ख आठवते. मठाच्या हॉलमध्ये टेबलावर कागद पसरलेला आणि त्यावर सगळी गल्ली वाकलेली. बायका ओट्याची दिशा बघत होत्या, पुरुष देवघराची. टाकी केवढी यावर तर हमरीतुमरी झाली, कारण सोलापुरात नळाला पाणी येईल तो दिवस आपला. जिन्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. फक्त माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणायचो, चष्मा कपाळावर सारून म्हणाली, "जिना लई अरुंद दिसूलालाय की. माणूस बसवून खाली कसं आणणार?"

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म लावतात, फुलांनी सजवलेल्या मखरात बसवून नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. त्या मखराला आम्ही विमान म्हणतो. अव्वा कशाबद्दल विचारतेय ते एकट्या बिल्डरला सोडून सगळ्यांना कळलं, आणि कळलं म्हणूनच सगळे तिच्यावर धावून आले. "नव्या घराच्या बैठकीत असलं अभद्र बोलतात व्हय?" असं म्हणत थोरल्या काकांनी तिच्या हातात पेढा ठेवला. जिन्याचा विषय तिथंच संपला. अव्वाने पेढा खाल्ला नाही, पदरात बांधून घरी आणला.

पहिली काही वर्षं तिने तो जिना रेटला. मग गुडघे गेले. एकदा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडली आणि त्या दिवसानंतर तिने पायरीला पाय म्हणून लावला नाही. मी शाळेत शिकवते, सकाळी दार ओढून जायचे ते दुपारी परत. तेवढा वेळ ती खिडकीत. जुन्या घरी ती दारात बसायची तेव्हा येणारा-जाणारा तिच्याशी चार शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नसे. आता ती म्हणायची, "वरून नुसती डोकी दिसत्यात. तोंडं न्हाईत कुणालाच."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून अक्कलकोटहून माझा भाचा आला. चांगला बाप्या माणूस, दोन पोरांचा बाप. त्याने आणि शेजारच्या तिघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. पायऱ्या कशाबशा उतरले. वळणावर खुर्ची अडकली. इकडे भिंत, तिकडे कठडा, धरणाऱ्यांनी उभं राहायचं कुठं? तिरकी केली तर अव्वा घसरायला लागली. मी वरून ओरडतेय, भाचा घामाघूम, आणि ही बाई मधोमध लटकलेली, एकदम शांत.

"जिती हाय तरी वळंना," ती मला म्हणाली. "मग कशी नेशील गं?"

तिला आजारपणाची भीती नव्हती, मरणाचीही नव्हती. आपल्याला आडवं करून, चादरीत गुंडाळून खाली नेतील, एवढीच भीती होती. तिची आई बसून गेली, सासू बसून गेली, माझे वडीलही त्या बैठ्या घराच्या दारातून ताठ बसून गेले. रात्रंदिवस तिच्या डोक्यात ते एकच. भाच्याने शेवटी तिला पाठंगुळी घेऊन खाली नेलं आणि तसंच वर आणलं. माणसाला पाठंगुळी घेता येतं. विमानाला कसं घेणार?

मी मग हात धुऊन मागे लागले. सोसायटीच्या बैठकीत लिफ्टचा विषय काढला. आमचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहतात. माणूस वाईट नाही, सणाला पुरणपोळी पाठवतो. पण नियमाचा भारी! म्हणाले, "ताई, लिफ्टला जागाच सोडलेली नाही. बसवायची कुठं, तुमच्या हॉलमध्ये?" सगळे हसले. पहिल्या मजल्यावरचं कुणी घराची अदलाबदल करेल का, म्हणून मी दारोदार फिरले. सगळ्यांनी चहा पाजला. घर कुणी दिलं नाही.

तेवढ्यात शहराच्या नव्या वाहतूक आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या. मी अर्धी रजा टाकून सुनावणीला गेले. पडद्यावर चित्रं चालली होती. स्टेशनापासून थेट तलावापर्यंत ट्राम! रुळांच्या मधे हिरवळ, दोन्ही बाजूंना झाडं, आणि झाडांखाली गोरीगोमटी माणसं हातात कागदी कप घेऊन हसतायत. हे सोलापूर म्हणे! आमच्या उन्हात त्यांचे कपसुद्धा वितळले असते. लोक चवताळून बोलत होते. एक म्हणाला, आधी बंद पडलेल्या सिटी बस सुरू करा, मग ट्रामची स्वप्नं बघा. दुसरा म्हणाला, ट्राम आली तर पेठेतल्या दुकानांच्या पायऱ्या तोडणार का? तिसऱ्याला ट्राम हवीच होती, फक्त त्याच्या प्लॉटपाशी थांबा हवा होता.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "साहेब, ट्राम आणा, विमानतळ आणा, माझी काही हरकत नाही. पण माझी आई तिसऱ्या मजल्यावर आहे. ती घरातून रस्त्यापर्यंत कशी येणार ते आधी सांगा. रस्त्याच्या पुढचं आपण नंतर बघू."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मंचावरचे साहेब सौम्यपणे म्हणाले की तुमची अडचण खरी आहे, पण आजचा विषय वाहतुकीचा आहे आणि जिना इमारतीत मोडतो. मी म्हटलं, इमारतीचा विषय कधी आहे? ते म्हणाले, तुमची इमारत मंजूर नकाशाप्रमाणेच आहे, त्या उंचीला लिफ्टची सक्ती नाही, जिन्याची रुंदीही नियमात आहे. म्हणजे सगळं बरोबर होतं. चूक काय ती माझी आई! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माईक तसाच टेबलावर आपटून निघाले आणि बाहेर येऊन, रिक्षावाले बघत असताना, भर रस्त्यात रडले.

घरी येऊन मी अव्वाला म्हटलं, "चल, खाली राहायला जाऊ."

"कुटं?"

"आपल्याच जागेत."

पार्किंगमध्ये प्रत्येक घराला एका गाडीपुरती जागा आखून दिलेली आहे. आमच्याकडे गाडी नव्हती, नुसती माझी स्कूटी. भाच्याला परत बोलावलं. पाठंगुळीने अव्वा खाली आली. दोन खांबांच्या मधे जुन्या साड्यांचा पडदा लावला, खाट टाकली, वॉचमनच्या संडासापर्यंत धरायला दोरी बांधली. मीही रात्री तिथंच सतरंजी टाकायचे.

काय सांगू, बाई फुलली की! भाजीवाली थेट खाटेपर्यंत येऊ लागली. ती अक्कलकोटकडची, दोघींची कानडी सुरू झाली की मेथी सुकायची तरी गप्पा संपायच्या नाहीत. अव्वाने बसल्या बसल्या गल्लीतल्या पोरींच्या वेण्या घातल्या, दोन घरांची भांडणं मिटवली, एक नवं लावून दिलं. कडक भाकरी कुस्करून, वर शेंगाची चटणी आणि तेल घेऊन पोटभर जेवू लागली. एकदा मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "आता मला घोर न्हाई. हितनं सरळ बसून जाते." आणि हसली. मला तिचं हसू बघून आनंद व्हावा की धाय मोकलून रडावं, काही कळेना.

सेक्रेटरी आधी दोनदा सांगून गेले. त्यांची गाडी आमच्या शेजारच्या जागेत. मागे घेताना पडद्याला लागते, म्हणाले. उद्या दुसरे पडदा लावतील, परवा कुणी पत्रे ठोकेल, मग सगळ्या बिल्डिंगवर कारवाई. मी ऐकून सोडून दिलं. मग एके दुपारी महापालिकेच्या ऑफिसचा माणूस आला. तरणा, नम्र, बूट काढूनच पडद्याच्या आत आला. अव्वाने त्याला पाणी दिलं, कुठला काय विचारलं. तो पाणी प्यायला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, पार्किंगमध्ये राहता येत नाही. आग लागली, गाडी पेटली, तर जबाबदार कोण? तक्रार आलीय, मला काढायलाच लागेल."

मी हात जोडले. खरंच जोडले. म्हटलं, "तिला वर नेलं तर ती परत उतरणार नाही हो."

"मला पण आई आहे, मॅडम," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर भरले होते. पण नियम तर त्याच्या डोळ्यांनी लिहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी पडदा निघाला. भाच्याने अव्वाला पाठीवर घेतलं. जिन्याच्या वळणावर तिने कठडा घट्ट धरला, सुटेना. भाचा बोटं सोडवायचा आणि ती पुन्हा धरायची. "साकु," ती म्हणाली, "साकु रे." पुरे, पुरे. पण मी खालून ढकलत होते. दुसरं काय करणार होते?

त्यानंतर ती खिडकीपाशीही गेली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मी बोलवायचे, अव्वा, बस की जरा उठून. ती म्हणायची, बसून काय करू?

श्रावण लागायच्या आत, सकाळी चहा घेऊन गेले तर ती गेलेली होती.

माणसं जमली. दारात थोरले काका, विधी करणारे जंगम स्वामी, भाचा. आमच्यात लगेच बसवावं लागतं, कारण अंग आखडलं की मांडी घालता येत नाही. आणि वर बसवलं तर तो जिना! बसलेली अव्वा त्या वळणातून कशी निघणार? काका म्हणाले, इथंच बसवू, बघू पुढे. भाचा म्हणाला, अडकली तर? स्वामी खाली मान घालून म्हणाले, "ताई, लवकर ठरवा. वेळ थोडा आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या नकाशावर वाकलेली हीच सगळी डोकी.

मी म्हटलं, चादर आणा.

तिला आडवं केलं. चार कोपरे धरले, आणि पेठेत कापडाचा तागा नेतात तसं माझ्या आईला खाली नेलं. वळणावर चादर भिंतीला घासली, तो आवाज माझ्या कानातून जात नाही. मी सगळा जिना तिच्या डोक्याला हात लावून उतरले आणि एकच बडबडत होते, अव्वा, थोडंच राहिलंय, थोडंच राहिलंय.

खाली पार्किंगमध्ये तिला बसवायचं ठरलं. विमान ठेवायला, माणसं उभी राहायला आमची जागा पुरेना. तेवढ्यात सेक्रेटरी गर्दीतून पुढे आले. कुणी त्यांना काही म्हटलं नव्हतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, गाडी सुरू केली आणि पार रस्त्याच्या पलीकडे नेऊन लावली. परत आले, चपला काढल्या, स्वतःच्या हाताने खराटा घेऊन ती जागा झाडली. अव्वाला तिथं मांडी घालून बसवलं, भस्म लावलं, हार घातले. सगळी बिल्डिंग तिच्या पाया पडली. संध्याकाळपर्यंत ती तिथं होती, आणि तिथं राहता येत नाही असं कुणी म्हणालं नाही.

सेक्रेटरी माझ्याजवळ आले. म्हणाले, "ताई, अजून जागा लागली तर सांगा. दुसऱ्या गाड्यापण काढायला लावतो."

मी म्हटलं, "नको. तिला एवढीच पाहिजे होती."