गोदाक्काच्या भिंतीवरचा कागद

खाणीवर लोखंडाची माती थोडी निघते, टाकाऊ माती ढिगाने. त्या टाकाऊ मातीचा डोंगर होतो, त्यावर झाडं उगवतात, पण तो कुणी उचलून नेत नाही. किश्शांचं तसंच आहे. डिचोलीकडच्या एका खाणीवर मी तीस वर्षं ब्लास्टर होतो. लोखंड मुरगावच्या बोटीत चढून परदेशी गेलं. किस्से माझ्याकडे राहिले. शाळा मी तीन इयत्ता शिकलो, त्यामुळे वाढवून सांगता येत नाही. झालं तेवढं सांगतो.

*

आमचा बार दुपारी एकचा. आधी भोंगा, मग पाच मिनिटांनी सुरुंग. भोंगा झाला की खालच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बायका फळीवरची भांडी जमिनीवर ठेवत आणि चुलीवरचा भात उतरवत. घड्याळ कुणाकडे नव्हतं. लागतही नव्हतं.

शिरगावच्या जत्रेला खाण बंद असे. एका वर्षी मी नवा सदरा घालून जत्रेला निघालो, तर वाड्यावर जिकडेतिकडे करपल्याचा वास! भोंगा नाही, म्हणून भात कुणीच उतरवला नव्हता.

गोदाक्का काळं भांडं घेऊन वाटेतच उभी होती.

"सोनू, तू सुरुंग लावलास तर माझी भिंत फुटते, नाही लावलास तर भात करपतो! आम्ही जगायचं कसं?"

*

ही गोदाक्का विधवा बाई. घर मातीचं, दाराच्या वर भिंतीला एक तडा. तडा माझ्या सुरुंगाने गेला असं तिचं म्हणणं. आधीचाच आहे असं माझं म्हणणं. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण तिची मुलगी शांती मला करायची होती. माझ्या मामाने पेडण्याहून येऊन रीतसर मागणी घातली. गोदाक्काने त्याला चहा दिला, पाव दिला आणि सांगितलं, "भिंत फोडणाऱ्याला मुलगी नाही."

मामा परत गेला. मी गेलो नाही. खाणीवर भेग वाढते का ते बघायला आम्ही तिच्यावर कागद चिकटवत असू. भेग हलली की कागद फाटतो. कागद खोटं बोलत नाही. मी एक पट्टी घेऊन गेलो. गोदाक्काने भाताची खळ करून दिली. मी तड्यावर आडवी पट्टी लावली आणि वर माझी खूण काढली, गोलात फुली. दारू भरलेल्या भोकावर मी चुन्याने काढत असे तीच.

"माझ्या सुरुंगाने हा फाटला तर मी या दारात पाय ठेवणार नाही," मी म्हटलं.

"आणि नाही फाटला तर?" शांतीने आतून विचारलं.

"तू भांडी घास!" गोदाक्का म्हणाली.

*

दर रविवारी मी जाऊन कागद बघत असे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. कागद जसाच्या तसा. माझ्याबरोबर भोकं भरणारा गणू बांद्याचा. तो सगळ्या खाणीला सांगत सुटला, "आमच्या सोनूचो बार म्हणजे शिस्तीचो! डोंगर फुटता, पण कागद फाटना नाय!"

मीही कॉलर ताठ करून फिरत होतो. खोटं कशाला सांगू?

*

आणि एका पहाटे जमीन हलली. पाववाला पोदेरसुद्धा आला नव्हता. मी अंथरुणावरून सरळ अंगणात. कौलं खडखडत होती, कुत्री ओरडत होती. थांबलं, आणि पाच मिनिटांत सगळा वाडा माझ्या दारात!

"सोनू, ही काय वेळ झाली बार उडवायची?"

मी लुंगीवर उभा. सुरुंगाची दारू खाणीवर कुलपात. पण ऐकतो कोण? शेवटी गोदाक्का आली. हातात कंदील. गर्दी बाजूला झाली.

"कागद फाटला," ती म्हणाली.

मागे शांती उभी होती. तिने मान खाली घातली. आता बोललो नाही तर ती गेलीच.

"गोदाक्का, भोंगा वाजला?"

"नाही."

"भात उतरवलास?"

"चूलच पेटली नाही अजून."

"मग तो बार माझा नव्हे. भोंग्याशिवाय मी आयुष्यात वात पेटवली नाही."

गोदाक्काने कंदील उचलून माझं तोंड नीट बघितलं. मग सकाळी दुकानातल्या रेडिओने सांगितलं, कोयनेला मोठा भूकंप झाला. तिकडे घरं पडली, माणसं गेली. ते ऐकून वाड्यावरचा आरडाओरडा थांबला. त्या दिवशी आमचा एकचा बारही लावला नाही.

दोन दिवसांनी गोदाक्काने मला बोलावलं.

"त्या कोयनेने मुलगी मागितली असती तर दिली नसती," ती म्हणाली. "तुझ्या मामाला बोलव."

*

मामा आला तोच छाती फुगवून. पेडण्यातही तो हादरा बसला होता आणि त्याने बाजारभर सांगितलं होतं, "आमच्या भाच्याचा बार! डिचोलीत उडवला, पेडण्यात खिडक्या वाजल्या!"

मी त्याला कोयनेचं सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे तुझा नव्हे? मग उगीच मी चार लोकांना चहा पाजला!"

*

लग्नानंतर खाणीवर एक तरुण जिऑलॉजिस्ट आला. गणूने त्याला विचारलं, "साहेब, भूकंप सगळ्यात जास्त होतो खंय? आणि कित्याक?"

साहेबाने जमिनीवर काठीने रेघा ओढल्या. पृथ्वीची पाठ अखंड नाही, तुकड्यांची आहे. तुकडे सरकतात, कडेला एकमेकांना घासतात, अडकतात, आणि सुटले की हादरा. म्हणून भूकंप कडांवर जास्त. जपान, इंडोनेशिया, पार चिलीपर्यंत, प्रशांत महासागराच्या काठाकाठाने. इकडे हिमालय. आपण तुकड्याच्या मध्ये, म्हणून आपल्याला कमी.

गणूला लगेच पटलं. "आमच्या शेतासारख्याच! मधी कोण झगडता? झगडे सगळे बांधार!"

"मग कोयना?" मी विचारलं. "ती तर कडेला नाही."

साहेब म्हणाला, तिथे जमिनीच्या पोटात जुन्या भेगा आहेत. वर धरणाचं पाणी साठलं, त्याचं वजन पडलं, पाणी खाली मुरलं, आणि आधीच ताणलेली भेग सरकली असं म्हणतात.

"म्हणजे घरातलो जुनो झगडो," गणू म्हणाला. "निमित्त कायव पुरता."

तीन इयत्तांत मला जे कळलं नसतं ते मला बांधावरून कळलं. आजही कुणी विचारलं तर असंच सांगतो.

*

पुढे पंचवीस वर्षांनी गोदाक्काचं घर सिमेंटचा गिलावा करायला काढलं. वर्षानुवर्षांचा चुना मीच खरवडायला बसलो. दाराच्या वर तड्यापाशी कागद लागला. माझाच कागद! मी शांतीला हाक मारली, नातवाला दाखवायला म्हणून हलक्या हाताने तो सोडवला.

त्याच्याखाली दुसरा कागद होता. त्याच्याखाली तिसरा. सगळ्यात खाली चौथा. वरचा कोयनेने फाडलेला. खालचे तीनही त्याआधीचे, तेही तड्यावर उभे फाटलेले.

चारही कागदांवर गोलात फुली. सगळ्यात खालची माझी, वाकडी. वरच्या तीन सुबक, रांगोळीत काढावी तशा.

मी शांतीकडे बघितलं.

"देवाशप्पथ, मी नाही," ती म्हणाली. "मला तेव्हा खळ करता तरी येत होती का?"

आम्ही दोघांनी मागे वळून बघितलं. गोदाक्का उंबऱ्यापाशी रांगोळीची वाटी मांडीवर घेऊन बसली होती.

"जावयबापू," ती म्हणाली, "पेज निवली. आधी जेवून घ्या."