साहेबाच्या कबरीवरचा बाण

फाटकाची कडी दोनदा वाजवायची, चपला बाहेर काढायच्या आणि आत पाऊल टाकताना म्हणायचं, "झोपा, झोपा, उठू नका. मीच आहो." काका हे रोज म्हणायचे. ऐकणारे सगळे कबरीत!

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नोकरी संपते, पण कामाची खोड सुटत नाही. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, रुळांची देखभाल करणारे गँगमन; सगळे त्यांना काकाच म्हणत. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून दुर्गच्या लाइनीवर कामाला आलेले. लाइनीकडेला गोऱ्यांचं एक जुनं कब्रस्तान होतं, त्याची झाडलोट काका आपणहून करत.

मी तेव्हा भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीच्या सर्व्हेत नवा लागलो होतो. जमीन मोजायची, खुंट्या ठोकायच्या आणि पक्का दगड दिसला की छन्नीने त्यावर बाण कोरून उंचीची खूण करायची. त्या खुणेवरून पुढे रस्त्यांची नि गटारांची पातळी ठरे. एकदा लाइनीकडेच्या पडक्या भिंतीआड फुलवेलींत दडलेला चौथरा दिसला. मी खुशाल बाण कोरला. मागून आवाज आला, "बाबू, साहेबाच्या छातीवर छन्नी मारून राहिले का तुमी?" वेल बाजूला केली तर खाली इंग्रजीत नाव! माझी पाचावर धारण बसली.

काका मात्र हसले, आणि मला फिरवून सगळ्यांची ओळख करून दिली. "हा साहेब पूल बांधाले आला. लय रागीट. तापानं गेला. बाजूची मेमसाब भली होती, गँगच्या लेकराइले बिस्कुटं दे. अन् हा डायवर. दारू पिऊन बी गाडी टायमात आणे." वडिलांकडून ऐकलेलं सगळं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल सांगावं तसं सांगत.

भिंतीशी हातभर जागेभोवती चुन्याने रंगवलेले पाच धोंडे मांडले होते. "आणि हे कोण?"

"हे आमची पोरगी. सव्वा वर्साची होती. लेकराले जाळत नाही न बाबू, पुरतात. बाहेर कोल्हे उकरत. पाद्रीबाबा म्हणे, आत आण." त्यांनी एका धोंड्यावरचं वाळकं पान उचललं.

पुढच्या उन्हाळ्यात नकाशा आला. रुंद रस्ता नेमका कब्रस्तानातून! खुंट्या मीच ठोकल्या. नोकरी होती, करणार काय? काका आमच्या तंबूपर्यंत आले.

"एवढं मोठं शहर बांधून राहिले तुमी. माह्या पोरीपुरती जागा नाही निघत का?"

मला लाज वाटली, आणि रागही आला, माझाच.

बुलडोझर यायच्या आधी मोठे साहेब पातळ्यांची वही घेऊन तपासणीला आले. खुणेचा दगड शोधत कबरीपाशी पोचले आणि कडाडले, "किस गधे ने कब्र पर निशान काटा?"

"मैंने, सर."

आसपासची गटारं, पाण्याचे नळ, सगळं त्याच बाणावरून मोजून निम्मंअर्धं घालून झालं होतं. वस्ती पुरी होईपर्यंत तो दगड तसूभरही हलवता येणार नव्हता. साहेबांनी कपाळाला हात लावला. मला लेखी ठपका मिळाला आणि रस्ता भिंतीबाहेरून वळला. एकदा डांबर पडल्यावर रस्ता परत कोण हलवतो? ठपका वाचून हुश्श करणारा माणूस साऱ्या भिलाईत मी एकटाच असेन!

काका त्यानंतर दोनेक वर्षांनी गेले. मला ते आठवतात सुधारलेला नकाशा मी काढत होतो त्या दुपारचे. त्यांना मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. फाटक दाखवलं, साहेब दाखवला, मेमसाब दाखवली. मग भिंतीशी पाच बारीक ठिपके काढले. नियमात बसत नव्हते, तरी काढले. काकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"इथंच हाय न ते?"

"इथंच, काका."

"सरकारी कागदावर?"

"सरकारी कागदावर."

"आता निवांत वाटते, बाबू," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. शाई अजून ओली होती, पण बोट उचला असं मला म्हणवेना.