मेरोपीचं मुकं पाणी

माझी शेजारीण मेरोपी हिला आई आणि वडील दोघंही होते. ग्रीसमधल्या पिरेयस बंदरातल्या टेकडीवरच्या आमच्या निर्वासित वस्तीत ही चैन फार थोड्या पोरींना होती. म्हणून संत योहानाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी मुकं पाणी आणायचा मान दरवर्षी तिचाच; तो आईबाप हयात असलेल्या पोरीलाच मिळतो. टेकडीखालच्या नळावर घडा भरायचा आणि वाटेत अवाक्षर न काढता आमच्या अंगणात आणायचा. आम्ही पोरी त्यात अंगठ्या टाकायचो, वर लाल फडकं बांधायचो आणि घडा रात्रभर चांदण्यांखाली ठेवायचो. मग म्हणे झोपेत नवरा दिसतो. मला एकदा बोकड दिसला होता, ते असो. मेरोपीला मात्र भिंतीतून पाणी येताना दिसायचं आणि शेजारी तिची आई भरदुपारी निवांत झोपलेली.

ही आई म्हणजे तार्सीमावशी. लोकांचे कपडे धुवायची, त्यामुळे दिवसभर पाण्याचे डबे घेऊन चढउतार. गुडघे सुजलेले. चढावर मधेच भिंतीला टेकून डोळे मिटायची, तेव्हा मेरोपीचा जीव तुटायचा. ती डबा ओढून घ्यायची, आई परत हिसकावून घ्यायची. "तुझी कंबर सांभाळ, अजून लग्न व्हायचंय!"

युद्ध संपून काही वर्षं झाली आणि घरोघर नळ येणार अशी बातमी आली. कचेरीतला माणूस गल्लीत आला तो नेमका त्या सणाच्या संध्याकाळी. ज्याला नळ हवा, त्याच्या दारावर तो निळ्या खडूनं फुली मारत होता. मेरोपीच्या घराला कुलूप होतं आणि ती घडा घेऊन चढ चढत होती.

आता हे सांगायला हवं, की मुकं पाणी आणणारीला बोलतं करायला आमची अख्खी गल्ली टपलेली असते. बोलली, की पाणी ओतून पुन्हा खाली जायचं. आदल्या वर्षी स्त्रातिस न्हावी पोलिसाची टोपी घालून तिला दरडावत होता, तरी पोरीनं हूं की चूं केलं नव्हतं.

"पोरी, हे घर तुझं ना? नळ पाहिजे का?" त्या माणसानं विचारलं.

मेरोपीनं त्याची सरकारी टोपी पाहिली आणि गालातल्या गालात हसली.

"अगं बोल, खरा आहे तो!" मी ओरडले.

"बोल गं बाई, नळ जाईल हातचा!" बायकांनी कालवा केला. दरवर्षी असंच काहीबाही ओरडायच्या मेल्या. मेरोपीनं मान ताठ केली आणि पुढे चालू लागली.

"तिला हवाय हो नळ," मी त्याला सांगितलं.

"घरच्या माणसानं सांगायला पाहिजे. ही तर मुकी दिसतेय," असं म्हणून तो पुढच्या दाराकडे वळला.

अंगणात घडा टेकवून मेरोपी खळखळून हसली. "यंदाचा सोंगाड्या कुठून आणलात गं?"

कुणीच हसेना. तिनं आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. मग ती अशी पळत सुटली, की चप्पल माझ्या दारातच राहिली. "आम्हाला पाहिजे! आम्हाला पण पाहिजे!" सगळ्या टेकडीला ऐकू जात होतं. मला रडू आवरेना.

कचेरीतला माणूस टेकडीखाली कॉफीच्या दुकानात बसला होता.

"तू मुकी ना?"

"आत्तापर्यंत होते!"

पुन्हा चढ चढायचा त्याला कंटाळा. त्यानं खडूच तिच्या हातात ठेवला. तिनं दार भरून फुली काढली.

ऑक्टोबरात नळ आला. आधी खोकला, तांबडं पाणी थुंकला, मग स्वच्छ धार लागली. मेरोपीनं पहिला पेला भरून आईपुढे धरला. तार्सीमावशीनं तो दोन्ही हातांनी घेतला, पण ओठाला लावला नाही. हळूच खिडकीत ठेवला.

"पी ना, आई."

"थांब गं. एवढा चढ चढून आलंय. जरा बसू दे त्याला."